पदकाची पाठ

सैनिकाचं पदक भिंतीवर लावण्याची आपली रीत आता ठरून गेल्यासारखी आहे. लाल नाहीतर निळी मखमल, तिच्यावर डिंकाने घट्ट बसवलेली पदकं, वर जवानाचा गणवेशातला फोटो, सोनेरी पट्टीची चौकट आणि फितीला टेकलेली काच. मागून पुठ्ठा ठोकला, त्यावर खाकी कागद चिकटवला की काम झालं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळच्या बाजूला काय, किंवा अलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनद, बेला, तामसी या मराठी बोलल्या जाणाऱ्या भागात काय, हे काम करतो तो फोटोफ्रेमवालाच. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि अधूनमधून एखाद्या माजी सैनिकाची पदकं. त्यामागचा आदर खरा आहे आणि त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण पदक म्हणजे तसबीर नव्हे. तसबिरीला पाठ नसते; पदकाला असते, आणि ते ज्याच्यासाठी जपायचं तो मजकूर बहुतेक वेळा त्या पाठीवर नाहीतर कडेवर असतो. आपली रूढ चौकट नेमका तोच भाग कायमचा झाकून टाकते. म्हणून माझं म्हणणं असं की पदकाची चौकट उघडता आली पाहिजे, पदक बाहेर काढून उलटं करता आलं पाहिजे, आणि बाकी सगळी सजावट या एका अटीच्या मागून आली पाहिजे.

हा हट्ट का, ते पदक हातात घेतलं की कळतं. पदकाची पुढची बाजू साच्यातून निघते, ती हजारो जणांची सारखीच असते. कडेवर मात्र बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. व्हिक्टोरिया क्रॉसवर सैनिकाचं नाव टांगणीच्या दांडीच्या मागे असतं आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या पाठीवरच्या वर्तुळात. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तो जिंकून तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या क्रॉसची पुढची बाजू इतर कोणत्याही क्रॉससारखीच. तो त्यांचा आहे हे सांगणारं सगळं मागे. स्वातंत्र्याच्या वेळी दिलेलं १९४७ चं स्वातंत्र्य पदक घ्या. एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्यावर ब्रिटिश राजाचा मुकुट. दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. सत्तांतराचा तो अवघडलेला क्षण एका नाण्याएवढ्या धातूवर दोन बाजूंनी नोंदलेला आहे. एकच बाजू दाखवली तर बघणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते. त्याच सालचं जनरल सर्व्हिस मेडल, जे काश्मीरच्या लढाईत गेलेल्या जवानांना ‘जम्मू आणि काश्मीर’ या पट्टीसह मिळालं, त्याच्या एका अंगाला उभी भवानी तलवार आणि तिच्यामागे तेजोवलय, दुसऱ्या अंगाला कमळ. मराठी घरात तलवारीची बाजू पुढे येणार हे स्वाभाविकच आहे, पण कमळाच्या बाजूला डिंक लागावा असं काही नाही. आणि परमवीर चक्राचं तर सांगायलाच नको. ते सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलं. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या. दधीचीच्या अस्थींतून घडलेलं इंद्राचं वज्र त्यांनी चार वेळा मांडलं, मधे राजमुद्रा ठेवली, पाठीवर हिंदी आणि इंग्रजी नावांच्या मधे दोन कमळं. साध्या जांभळ्या फितीखाली हे कांस्यपदक फिरत्या टांगणीवर लटकतं. जे पदक फिरावं म्हणून घडवलं, ते मखमलीला चिकटवणं म्हणजे घडवणाऱ्याचा हेतूच मोडणं.

बिल्ल्यांची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि तिचा धागा थेट आदिलाबाद ज्या राज्यात होतं त्या निजामाच्या हैदराबादेत जातो. कुमाऊं रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात पंजात क्रॉस धरलेला अर्धा सिंह आहे. हिमालयातल्या पलटणीच्या माथ्यावर हा सिंह आला कुठून? तो आला हेन्री रसेल या हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कुळाच्या चिन्हातून. रसेलने १८१३ च्या सुमारास निजामाच्या नोकरीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘रसेल ब्रिगेड’ उभी केली. तिच्यातून आणि एलिचपूरच्या फौजेतून पुढे हैदराबाद कंटिन्जंट वाढली. ती भारतीय सैन्यात मिसळल्यावर तिच्या पलटणींना रसेल, बेरार, डेक्कन अशी नावं मिळाली, आणि १९२२ साली त्या सगळ्यांची मिळून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. भरती हळूहळू उत्तरेकडे सरकली, दख्खनी माणूस कमी होत गेला, आणि २७ ऑक्टोबर १९४५ ला नाव बदलून कुमाऊं झालं. नाव गेलं, पण सिंह राहिला. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा १९४२ साली याच हैदराबाद रेजिमेंटमध्ये दाखल झाले होते आणि ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडले तेव्हा त्यांची पलटण ‘४ कुमाऊं’ होती. म्हणजे एखाद्या बिल्ल्याच्या पट्टीवर ‘हैदराबाद’ लिहिलंय की ‘कुमाऊं’, एवढ्यावरून त्या घरातला माणूस कोणत्या काळात नोकरीला होता हे ठरतं. महार रेजिमेंटचंही तसंच. १९४१ साली बेळगावला ती उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यात भीमा कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ जाऊन एकमेकींवर आडव्या टाकलेल्या मशीनगनच्या मधे खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला घरात असणं ही इतिहासाची नोंद आहे. तो बिल्ला उठून दिसावा म्हणून मागच्या कड्या कापून सपाट करणारे कारागीर असतात. त्या कड्यांच्या घडणीवरून, मागच्या कारखान्याच्या शिक्क्यावरून बिल्ल्याचा काळ आणि खरेखोटेपण ठरतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

फितीचं दुखणं वेगळं. धातू चुकला तर बऱ्याचदा सावरता येतो, उडालेला रंग परत येत नाही. आणि फीत ही नुसती शोभा नाही, ती वाचायची असते. गणवेशावर रोज पदक लावत नाहीत, फितीची पट्टी लावतात, त्यामुळे सगळा अर्थ रंगांवर सोपवलेला आहे. अशोकचक्राच्या हिरव्या फितीवर मधोमध एक केशरी रेघ, कीर्तिचक्राच्या दोन, शौर्यचक्राच्या तीन. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीरचक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. केशरी फिका पडला की या भाषेतलं अक्षरच पुसलं जातं. संग्रहालयं कापडासाठी ५० लक्सच्या आसपासचा उजेड सुरक्षित धरतात. रोज आठ तासांनी वर्षाला तो सुमारे १ लाख ४६ हजार लक्स-तास होतो. खिडकीजवळच्या भिंतीवर १००० लक्स उजेड पडणं काही विशेष नाही. त्या हिशेबाने संग्रहालयातल्या वर्षभराची झीज तिथे अठराएक दिवसांत होते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि दाराशेजारच्या, आल्यागेल्याला पटकन दिसणाऱ्या भिंतीचा मान पदकांना मिळतो. तो मान फितीच्या जिवावर येतो. उपाय अवघड नाही. बहुतेक फिती मीटरवर विकत मिळतात. जवानाने स्वतः लावलेली मूळ फीत काढून पाकिटात, अंधारात ठेवावी आणि चौकटीत नवी लावावी. मूळ फीतच दाखवायची असेल तर घराच्या आतल्या, उन्हापासून लांबच्या भिंतीवर. क्रमही नेमून दिलेला आहे. छातीच्या मध्याजवळ, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, सगळ्यांत ज्येष्ठ पदक; तिथून उजवीकडे उतरता क्रम. फ्रेमवाल्याला रंगसंगती बरी दिसावी असं वाटतं आणि तो पदकं हलवतो, तेव्हा सरकारने ठरवलेली ज्येष्ठता त्याच्या नजरेपुढे नसते. ती त्याला लिहून द्यावी.

आता चौकटीच्या आतली हवा. चांदीवर काळा थर चढतो तो गंधकामुळे, आणि लोकर, रबर, काही रंगवलेल्या मखमली व स्वस्त पुठ्ठे गंधकाची किंवा आम्लाची वाफ सोडत राहतात. लाकूडसुद्धा आम्लाची वाफ सोडतं, प्लायवूड आणि भुशाची फळी त्याहून जास्त. बंद चौकटीत ती वाफ जाणार कुठे? ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली यावर एक साधी चाचणी मांडली: ज्या वस्तूचा संशय आहे तिचा तुकडा, धातूचा चकचकीत तुकडा आणि थोडं पाणी एका बंद नळीत, ६० अंशांवर, २८ दिवस. धातू काळवंडला तर ती वस्तू पदकाच्या शेजारी नको. घरी एवढं करायला नको, पण घासलेली चांदीची अंगठी, मखमलीचा तुकडा आणि ओल्या कापसाचा बोळा एका बरणीत बंद करून काही आठवडे बघणं कुणालाही जमेल. आदिलाबादकरांना इथे एक सोय आहे. हा जिल्हा कापसाचा आणि सागाचा. मखमलीऐवजी न रंगवलेलं, खळ धुऊन काढलेलं सुती कापड अस्तर म्हणून वापरावं. जाडंभरडं, पिवळसर पांढरं, खादीसारखं. त्यावर कांस्य आणि चांदी दोन्ही उठून दिसतात, आणि त्यातून वाफ येत नाही. चौकट सागाची असावी, कारण कसर आणि वाळवी सागाला सहसा लागत नाही. पण आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉईल लावून लाकूड झाकावं आणि त्यावर कापड ओढावं. पदकं डिंकाने न लावता फितीच्या वरच्या कडेतून सुती दोऱ्याने कापडाला शिवावीत, म्हणजे कात्रीच्या एका टोकाने सुटतील. चौकट खोल हवी, काच आणि पदक यांच्यात बोटभर अंतर हवं; पावसाळ्यात काचेला धरलेला दमट घाम फितीवर उतरला की बुरशी धरते. मागच्या पाटीला खिळे नकोत, चार स्क्रू हवेत. आणि कडेवरच्या नावाचा, पाठीवरच्या मजकुराचा मोठा करून काढलेला फोटो पदकाशेजारी दर्शनी बाजूला लावावा. पदक रोज उलटं करायला नको, तरी त्याची पाठ रोज दिसते.

यावर पहिला आक्षेप खुद्द माजी सैनिकांचाच असतो, आणि तो वजनदार आहे. पदक चकचकीत ठेवणं ही शिस्त. परेडच्या आदल्या रात्री बसून घासलेली पितळ जवानाच्या स्वाभिमानाची खूण. ती शिस्त कशी सोडायची? माझं उत्तर असं की ती शिस्त गणवेशातल्या पदकासाठी होती, ज्याला घासणारा हात आणि घालणारी छाती एकच होती. पितळ घासायच्या पावडरीत आणि द्रावणात खरखरीत कण असतात. प्रत्येक घासणीला थोडा धातू जातो, आणि आधी जातात ती कडेवरची उथळ अक्षरं. जवानाने चाळीस वर्षांत नाव जपलं आणि त्याच्या नातवाने चार दिवाळ्यांत ते घालवलं, हे आदराचं लक्षण म्हणता येणार नाही. कांस्यावर आलेली तपकिरी झाक तशीच राहू द्यावी. चांदी काळी पडली तर मऊ कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसावी, तीही कडा सोडून. दुसरा आक्षेप पैशाचा. संग्रहालयाची काच, आम्लविरहित पुठ्ठा खेड्यातल्या फ्रेमवाल्याकडे कुठून येणार? नसेल तर नसू द्या. स्क्रू, दोरा, सुती कापड आणि आतली भिंत यांना मखमल-सोनेरी पट्टीपेक्षा जास्त पैसे लागत नाहीत, आणि नव्वद टक्के नुकसान याच चार गोष्टींनी टळतं असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप चोरीचा: उघडता येणारी चौकट म्हणजे चोराला आमंत्रण, त्यापेक्षा बँकेत लॉकर बरा. हिमाचलच्या नायक किरपा राम यांनी १९४५ साली बंगळूरजवळ सरावाच्या वेळी आपल्या जवानांना वाचवताना प्राण दिले; त्यांना मिळालेला जॉर्ज क्रॉस २००२ साली त्यांच्या पत्नीकडून चोरीला गेला आणि २००९ साली लंडनच्या लिलावात निघाला. तो लिलावातून मागे घेतला गेला, कारण त्यावर नाव होतं आणि ते नाव कोणाचं हे जगाला माहीत होतं. यातून मी घेतो तो धडा कुलुपाचा नाही, नोंदीचा आहे. पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, मोजमाप, क्रमांक हे सगळं कागदावर असेल तर चोरीचं पदक विकणं कठीण होतं. मौल्यवान शौर्यपदक लॉकरात ठेवून चौकटीत प्रतिकृती लावायलाही माझी हरकत नाही, फक्त ‘प्रतिकृती’ असं खाली स्पष्ट लिहावं. पहिल्या महायुद्धातली पदकं आता शंभरी ओलांडून गेली आहेत, त्यामुळे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही घरच्यांना ठाऊक असावं.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि या जिल्ह्यात तो टाळून पुढे जाता येणार नाही. इंग्रजांची, निजामाची चाकरी करून मिळालेली पदकं भिंतीवर मिरवायची का? जोडेघाट २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, आता ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. जल, जंगल, जमीन मागणाऱ्या कुमरम भीमांना तिथे १९४० साली निजामाच्या पोलिसांनी मारलं. त्यांच्या छातीवर कोणी पदक लावलं नाही. त्याच राज्याचं हैदराबाद लान्सर्स पथक पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेलं. दिल्लीच्या तीन मूर्तींतली एक मूर्ती त्याची आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्य याच राज्यात उतरलं. एकाच गावात, कधी एकाच घरात, या वेगवेगळ्या बाजूंच्या खुणा असू शकतात, त्यांच्या शेजारी स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपटही असू शकतो. पोटासाठी परक्या राजाच्या सैन्यात गेलेल्या माणसाची लाज बाळगून त्याचं पदक पेटीत कोंडणं मला पटत नाही, आणि मुकुटाचं चिन्ह झाकून ते ‘देशसेवा’ म्हणून खपवणं तर त्याहून कमी पटतं. पदक दाखवणं म्हणजे ज्याने ते दिलं त्याला सलाम करणं नव्हे, अट इतकीच की त्याच्याशेजारी पुरता मजकूर असावा. कोणाच्या हुकुमावरून, कोणत्या भूमीवर, कोणाविरुद्ध, आणि परत आला की नाही. मुकुट आणि चक्र दोन्ही असलेलं ते स्वातंत्र्य पदक तर अशा मजकुराशिवाय नव्या पिढीला समजणारच नाही.

म्हणून चौकटीतल्या कागदाला मी पदकाइतकंच महत्त्व देतो. आदिलाबादेत तो कागद मराठी आणि तेलुगू दोन्हींत असावा. घरात मराठी बोलणारी नातवंडं शाळेत तेलुगू नाहीतर इंग्रजी शिकतात, आणि आजोबांची पलटण त्यांना आजीच्या भाषेत वाचता येईलच अशी खात्री नाही. कडेवर कोरलेला मजकूर मात्र जसाच्या तसा उतरवावा, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी सुधारू नये. लष्करी कचेऱ्यांत मराठी नावांची अक्षरं फार बिघडली आहेत, पण जुन्या नोंदी त्याच बिघडलेल्या अक्षरांनी सापडतात. त्याखाली पदकाचं नाव, साल, पलटण, लढाईचं ठिकाण. डिस्चार्ज बुकाच्या पानांची आणि प्रशस्तिपत्राची छायाप्रत पाटीच्या मागच्या पाकिटात, मूळ कागद वेगळ्या जागी. पदक आज कोणाच्या ताब्यात आहे आणि पुढे कोणाकडे जावं असं त्या सैनिकाने सांगितलं होतं, हेही लिहावं, कारण भावाभावांत पदकं वाटली गेली की संच फुटतो आणि मग एका भावाकडची स्टार आणि दुसऱ्याकडचं मेडल एकाच माणसाचं होतं हे सांगणारं कोणी उरत नाही. वाटणी करायचीच तर पदकं एका घरी आणि प्रत्येकाच्या घरी त्यांचे फोटो. फीत बदलली असेल तर कोणत्या साली बदलली, मूळ कुठे ठेवली, तेही त्याच कागदावर. आणि हे सगळं पेन्सिलीने लिहावं. बॉलपेनची शाई काही वर्षांत विरते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं.